दसऱ्यानंतरचे भोपळे

आमच्या ओमती वस्तीत क्रिकेटचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू व्हायचा. पाऊस संपला तरी जमीन वरून कोरडी आणि बोटभर खाली ओलीच असायची. तिच्यावर काथ्याचं मॅटिंग अंथरून, ताणून, खिळे ठोकले की सामना सुरू. पहिल्या दोन-तीन सामन्यांत चांगले चांगले फलंदाज भोपळा घेऊन परतायचे. टप्पा पडल्यावर चेंडू थांबून यायचा, तोवर बॅट फिरून गेलेली आणि मिड-ऑफला सोपा झेल. डिसेंबरात तीच पोरं पन्नाशी ओलांडायची. क्लबची धाववही वर्षानुवर्षं माझ्याकडे होती. ऑक्टोबरची पानं दाखवून कुणाला संघाबाहेर काढू लागले की मी भांडत असे.

इंग्लंडात हीच कसोटी एप्रिल-मेमध्ये लागते. थंडी, दव, आणि पूर्वीच्या काळी तर न झाकलेल्या खेळपट्ट्या. हंगामाच्या सुरुवातीपासून मेअखेरपर्यंत हजार धावा करणारे तिथे आजवर आठच झाले. १८९५ मध्ये ग्रेस पहिले, १९८८ मध्ये हिक शेवटचे. ब्रॅडमनने ते दोनदा केलं. आपल्यातलं त्या यादीत कुणी नाही. विजय मर्चंटही नाहीत, आणि १९४६ च्या त्या ओल्या उन्हाळ्यात त्यांनी ७४ हून अधिक सरासरीने २३८५ धावा केल्या होत्या! महिन्याभराच्या धावांवरून फलंदाज तोलू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

एका महिन्याचं सोडा, एका सामन्याचं बघा. जून १९५२, लीड्सची इंग्लंडविरुद्धची कसोटी. वीस वर्षांच्या विजय मांजरेकरांनी पहिल्या डावात १३३ केल्या, हजारेंबरोबर २२२ ची भागीदारी. दुसऱ्या डावात नवखा ट्रूमन सुसाट सुटला आणि धावफलकावर शून्यावर चार बाद लागलं. रॉय, गायकवाड, मंत्री आणि तेच मांजरेकर. त्या शून्यावरून त्यांना मोजायचं का?

पण माझा खरा जीव आहे तो चंदू सरवट्यांवर. १९२० साली आमच्या शेजारच्या सागरला जन्मलेले, मध्य प्रांत-वऱ्हाडकडून खेळायला लागलेले. मे १९४६, भारताच्या इंग्लंड दौऱ्याची नुकतीच सुरुवात. वूस्टरला पहिला सामना १६ धावांनी गेलेला. ओव्हलवर सरेविरुद्ध २०५ वर नऊ बाद झाले, तेव्हा दहाव्या क्रमांकाचे सरवटे खेळपट्टीवर होते आणि अकरावे शुटे बॅनर्जी आले. समोर आल्फ गोव्हर आणि अ‍ॅलेक बेडसर. तीन तास दहा मिनिटांत दोघांनी २४९ जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजांनी एकाच डावात शतकं करावीत, हे प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पूर्वी घडलं नव्हतं, पुढेही घडलेलं नाही. त्या डावात वरच्या फळीपेक्षा जास्त धावा सापडल्या त्या शेपटाला. माझ्या मते याचं कारण धीर. सरवटे चेंडूला यायला वेळ देत.

कसोटीत त्यांच्या नावावर नऊ सामन्यांत २०८ धावाच आहेत. आकडा लहान आहे, मान्य. पण जानेवारी १९४८ मध्ये मेलबर्नला हेच सरवटे विनू मांकडबरोबर सलामीला गेले. मांकडांनी ११६ केल्या, सरवट्यांनी ३६, आणि पहिल्या जोडीने १२४ धावा लावल्या.