सावद्याहून बसऱ्याला गेलेला पणजोबा कसा शोधायचा?

समजा, सावद्यातल्या एका घराला एवढंच माहीत आहे : "पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले, परत आले नाहीत." याकडे संशोधनाचा प्रश्न म्हणून बघूया.

पहिल्यांदा आपण बसरा स्मारकावर नाव शोधतो. मेसोपोटेमियात (आजचा इराक) मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४०,०००हून अधिक जणांचं हे स्मारक १९२९ मध्ये खुलं झालं. भिंतीवर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली; भारतीयांपैकी मात्र फक्त अधिकाऱ्यांची. साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. या भेदभावाबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये माफी मागितली. म्हणजे भिंतीवर नाव नाही, यावरून माणूस तिथे नव्हता हे सिद्ध होत नाही. नोंद कोणी केली आणि त्यात कोणाला नाव मिळालं, हे आधी विचारायचं.

मग सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. युद्धपदक सापडलं तर त्याची कडा भिंगातून वाचा. तिथे नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. मृताच्या वारसांना मिळालेल्या ब्राँझच्या गोल फलकावर फक्त नाव असतं. नंबर नावापेक्षा पक्का. पण तो पलटणीपुरताच असे, म्हणून दोन्ही एकत्र वाचा.

आता कमिशनची ऑनलाइन यादी. 'जळगाव' टाकून उपयोग नाही. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले, तेव्हा सावदा पूर्व खानदेशात गेलं. गावाचं इंग्रजी स्पेलिंग 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींनी करून पाहा. पलटणींची नावंही १९२२ मध्ये बदलली. घरात 'जंगी पलटण' म्हणत असतील, तर महायुद्धातली १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री शोधा. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे शरणागती झाली. मृत्यूची तारीख त्यानंतरची असेल, तर कैदेत मृत्यू झाला का, हेही तपासा.

नावाशिवाय दोन स्वतंत्र गोष्टी जुळल्या (नंबर-पलटण, वडिलांचं नाव, गाव) तरच 'हेच ते' म्हणा. नाहीतर वहीत 'शक्य' एवढंच लिहा. त्याच नावाच्या दुसऱ्या शिपायाचंही कुठेतरी घर आहे, आणि तेही त्याला शोधत असेल.