चेनकप्पी अजून का आहे? यंत्राच्या 'निवडी'चा इतिहास वाचताना

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा खर्डा मार्गदर्शकांनी परत दिला, तेव्हा समासात एकच ओळ होती : "मग चेनकप्पी अजून का आहे?"

विषय थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांनी जड वस्तू डोक्यावरून उचलायची साधनं कशी निवडली, हे मी पाहतोय. खर्ड्यात मी एक छान पायऱ्यांचा जिना काढला होता. आधी हाताने ओढायची चेनकप्पी, मग दोरावर चालणारी क्रेन, मग विजेची. प्रत्येक पायरीवर नवं आलं आणि जुनं गेलं. वाचायला सुटसुटीत, पण चूक. कुठल्याही गॅरेजमध्ये इंजिन उतरवताना बघा, चेनकप्पी तिथे लटकलेलीच असते. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर ही चूक तुमच्याही वाट्याला येणार आहे, म्हणून ती नीट उलगडून दाखवतो.

सुरुवात चेनकप्पीपासूनच करू. थॉमस ऑल्ड्रिज वेस्टन याची ही रचना 1860च्या आसपास इंग्लंडमध्ये बाजारात आली. बर्मिंगहॅमच्या टँजी बंधूंनी ती बनवून विकली. वर एकाच आसावर घट्ट जोडलेली दोन चाकं, एक किंचित मोठं, एक किंचित लहान. एकच बिनटोकाची साखळी दोन्हींवरून आणि खालच्या आकड्याच्या कप्पीतून फिरते. मोठं चाक साखळी वर ओढतं, लहान चाक जरा कमी साखळी खाली सोडतं. त्या फरकाच्या निम्म्याने वजन वर येतं. मोठ्याला 10 खाचा आणि लहानाला 9 असतील, तर 10 कड्या ओढल्यावर वजन अर्धी कडीच चढतं. म्हणजे कागदावर 20 पट फायदा.

प्रत्यक्षात लावलेल्या जोरातला निम्म्याहून जास्त जोर घर्षणात जातो. मी खर्ड्यात लिहिलं होतं, "कार्यक्षमता कमी असल्याने ही रचना मागे पडली." इथेच मी उलटा गेलो होतो. घर्षण इतकं आहे म्हणूनच साखळी हातातून सुटली तरी वजन आपोआप खाली येत नाही, आहे तिथेच थांबतं. खाली माणूस उभा असेल तर हा 'तोटा' त्याचा जीव वाचवतो. घर्षण कमी करा, की ओझं धरून ठेवायला वेगळा ब्रेक लागलाच. (हॉइस्टच्या एका प्रकारच्या ब्रेकला आजही वेस्टनचंच नाव आहे.) घेणारा कार्यक्षमता विकत घेत नव्हता, एकट्या माणसाला, वाफ किंवा वीज नसताना, न घाबरता वजन उचलता यावं एवढंच त्याला हवं होतं.

आता क्रू. इंग्लंडच्या चेशायरमधलं हे रेल्वेचं गाव. तिथल्या इंजिनांच्या कारखान्यात जॉन रॅम्सबॉटम यांनी 1860च्या दशकाच्या सुरुवातीला दोराने चालणाऱ्या ओव्हरहेड क्रेन बसवल्या आणि 1864मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससमोर त्यांची माहिती दिली. इथे प्रश्नच वेगळा होता. अवजड वस्तू दिवसभर, शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलवायच्या. जमिनीत रोवलेली फिरत्या दांड्याची क्रेन फक्त आपल्याभोवतीच्या वर्तुळात पोचते; दोन्ही भिंतींकडेच्या रुळांवर धावणारी क्रेन जवळजवळ सगळी शेड व्यापते आणि खालची जागाही मोकळी ठेवते. पण धावत्या क्रेनपर्यंत शक्ती न्यायची कशी? रॅम्सबॉटम यांनी सुमारे पाऊण इंचापेक्षाही बारीक सुती दोर वापरला आणि तो मिनिटाला 5000 फूट वेगाने पळवला, म्हणजे ताशी नव्वदेक किलोमीटर. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. वेग प्रचंड ठेवला की दोरावर ताण थोडाच येतो.

हुशार तोडगा, पण त्याची किंमत होती. क्रेन रिकामी उभी असली तरी दोर पळतच राहणार, झिजणार, वाफ खाणार. 1880च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिलवॉकीला उचलणं, आडवं सरकणं आणि लांबीला धावणं या तिन्ही हालचालींना स्वतंत्र मोटर असलेली विजेची क्रेन आली. तिचा मोठा फायदा हाच : काम असेल तेव्हाच वीज लागते. दोराच्या क्रेनला जागा सोडावी लागली ती या कामात. चेनकप्पीचं काम वेगळंच होतं, ती जागची हलली नाही.

म्हणजे बघा, आपण ज्याला 'प्रगतीचा क्रम' म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या प्रश्नांची तीन उत्तरं दडलेली असतात. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात हाच आग्रह धरलाय : शोध कधी लागला यापेक्षा वस्तू वापरात कशी होती ते विचारा.

मग मी चुकलो कुठे? साधनांच्या वाचनात. माझा बराचसा आधार उत्पादकांच्या साहित्यावर होता. हेन्री टाउन यांचा क्रेनवरचा ग्रंथ 1883चा. नाव भारदस्त, माहितीही उत्तम. पण टाउन हे येल अँड टाउन कंपनीचे प्रमुख, आणि ग्रंथ मुख्यतः त्यांच्याच कंपनीच्या क्रेनबद्दल. असं पुस्तक टाकून द्यायचं नसतं. फक्त ते काय विकायला होतं हे सांगतं, काय विकत घेतलं गेलं आणि रोज काय उचललं गेलं हे सांगत नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

आता मी कुठलंही यंत्र समोर आलं की चार प्रश्न वहीत लिहितो. किती वजन, आणि दिवसातून किती वेळा? कुठून कुठे? शक्ती कुठून येणार, आणि काम नसताना तिचं काय होणार? हात सुटला तर ओझ्याचं काय होणार? उत्तरं कॅटलॉगमध्ये सापडली नाहीत तर इमारतीचे नकाशे काढा. रुळांचा भार घ्यायला खांब जाड केलेत का, त्यांना टेकू काढलेत का, छत किती उंच आहे? ओव्हरहेड क्रेनची निवड बहुतेकदा भिंत बांधतानाच होऊन जाते. नंतर मन बदललं तर खांबांपासून सुरुवात करावी लागते. म्हणून ती विटांमध्ये आणि लोखंडात वाचता येते.

जिना मी काढून टाकला. नव्या खर्ड्यात चेनकप्पी शेवटच्या पानापर्यंत आहे. तुमच्या विषयातली 'जुनी' म्हणून पहिल्या परिच्छेदात निकालात काढलेली वस्तू कोणती, ते आज रात्री एकदा बघा.