जैसलमेरला कधी जावं? मे महिन्याच्या सुट्टीत, दिवाळीत की फेब्रुवारीत?

पिवळ्या दगडाचा किल्ला, वाळूच्या टेकड्यांमागे बुडणारा सूर्य, उंटावरची फेरी आणि तंबूतला मुक्काम. रील्समध्ये जैसलमेर बारा महिने सारखंच दिसतं. प्रत्यक्षात जानेवारीतलं आणि मे महिन्यातलं जैसलमेर म्हणजे जवळपास दोन वेगळी शहरं आहेत. जानेवारीत पहाटे पारा साधारण ८ अंशांवर उतरतो, तर मे महिन्यात दुपारी तो ४२ अंशांच्या आसपास असतो. उष्णतेची लाट आली, तर त्याहीपेक्षा वर जातो.

अडचण अशी की, महाराष्ट्रातल्या शाळांना मोठी सुट्टी नेमकी मे महिन्यात असते. त्याच काळात तिथल्या हॉटेलांचे आणि तंबूंचे दरही उतरलेले असतात. मग स्वस्तात मिळतंय म्हणून मे महिन्यात जावं, दिवाळीची सुट्टी गाठावी की फेब्रुवारीत दोन-चार दिवस रजा काढावी?

जैसलमेरची हवा इतकी टोकाची का?

जैसलमेर हे थरच्या वाळवंटातलं शहर आहे. इथे वर्षभरात साधारण २०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. मुंबईत जुलैमध्ये एका दिवसातही इतका पाऊस पडून जातो. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे अरवलीच्या रांगेला समांतर वाहतात, त्यामुळे डोंगराला अडून पाऊस पडत नाही. बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे इथवर पोहोचेपर्यंत बरेचसे कोरडे झालेले असतात.

हवेत बाष्प कमी आणि आकाश निरभ्र असल्याने वाळू दिवसा झपाट्याने तापते आणि रात्री तितक्याच वेगाने थंड होते. म्हणूनच हिवाळ्यात दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट चालतो आणि रात्री स्वेटरवर शाल लागते.

मे-जूनमध्ये गेलं तर काय होतं?

देशातल्या सर्वाधिक तापमानांपैकी एक असलेलं ५१ अंश सेल्सिअस तापमान १९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदीत नोंदलं गेलं. हे गाव जोधपूरहून जैसलमेरला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच आहे. मे-जूनमध्ये या पट्ट्यात दुपारी ‘लू’ म्हणजे अंग भाजणारे कोरडे वारे वाहतात आणि संध्याकाळी अनेकदा धुळीची वादळं येतात. तिथले लोक त्यांना ‘आंधी’ म्हणतात. सूर्यास्त पाहायला वाळूवर जावं आणि समोर फक्त पिवळी धूळ दिसावी, असंही होऊ शकतं.

‘आम्ही नागपूर-चंद्रपूरचे, आम्हाला उन्हाची सवय आहे,’ असं काहींना वाटेल. पण रोजच्या आयुष्यात आपण दुपारी घरात किंवा ऑफिसमध्ये थांबतो. पर्यटक मात्र वेळ वाया जाऊ नये म्हणून भर दुपारी हिंडतात. मुंबई-कोकणातल्या लोकांना वेगळाच धोका असतो. घाम आला की पाणी प्यायचं, ही त्यांची सवय. वाळवंटात घाम येताक्षणी वाळतो. तो जाणवतच नाही आणि शरीरातलं पाणी कमी होत राहतं.

लहान मुलं, ज्येष्ठ नागरिक, गरोदर महिला आणि हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी या काळात जाणं टाळलेलंच बरं. जावंच लागलं तर सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच बाहेर पडा, सोबत ओआरएस ठेवा. अंग खूप तापलं, बोलण्यात असंबद्धपणा आला किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि लगेच १०८ किंवा ११२ वर फोन करा. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका.

पावसाळा कसा असतो?

जुलै-ऑगस्टमध्ये पारा थोडा उतरतो, पण ३५ अंशांच्या वरच राहतो आणि हवा दमट होते. पाऊस चांगला झाला तर एरवी उजाड दिसणारी माळरानं हिरवी होतात आणि शहरात गर्दीही नसते. मात्र पाऊस पडला की कमी वेळात बराच पडू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये जोरदार पावसात जैसलमेरच्या किल्ल्याच्या तटबंदीचा काही भाग कोसळला होता. या काळात जाणार असाल, तर कार्यक्रमात एखादा दिवस मोकळा ठेवा.

दिवाळीत गेलं तर?

दिवाळी ऑक्टोबरमध्ये आहे की नोव्हेंबरमध्ये, हे आधी पाहा. ऑक्टोबरच्या दुपारी पारा ३५-३६ अंशांवर असतो. नोव्हेंबरमध्ये तो ३१ अंशांच्या आसपास येतो आणि रात्री छान गारवा असतो. म्हणजे उशिरा येणारी दिवाळी जैसलमेरसाठी जास्त चांगली.

गर्दी मात्र दोन्ही वेळा असते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात गुजरातमधून मोठ्या संख्येने पर्यटक येतात आणि दर वाढतात. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. त्यामुळे दिवाळीचं तिकीट हवं असेल, तर तारीख आधीच हेरून ठेवावी लागते. जैसलमेरची विमानसेवा हंगामानुसार बदलते. थेट विमान नसेल तर जोधपूरला उतरून रस्त्याने साधारण २८० किलोमीटर जावं लागतं.

डिसेंबर-जानेवारी खरंच सर्वोत्तम का?

दिवसा फिरायला हो. दुपारी तापमान २४ ते २६ अंशांच्या दरम्यान असतं. किल्ला, पटवों की हवेली, गडीसर तलाव आणि ओसाड कुलधरा गाव आरामात पाहता येतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. नाताळ ते नववर्ष हा सर्वात महागडा आणि गर्दीचा आठवडा असतो. आणि शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या सम इथल्या तंबूंमध्ये रात्री चांगलीच थंडी वाजते. तंबूत गरम पाणी आणि जाड रजया आहेत का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

दिवसही लहान असतो. डिसेंबरमध्ये सहाच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे समला जायला दुपारी साडेतीनपर्यंत निघणं सोयीचं.

फेब्रुवारीचं वेगळेपण काय?

फेब्रुवारीत दुपारी साधारण २७ अंश आणि पहाटे ११ अंश तापमान असतं. थंडी बोचत नाही, ऊन भाजत नाही आणि नववर्षाची गर्दीही ओसरलेली असते. माघ शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा असा तीन दिवसांचा मरू महोत्सव याच सुमारास होतो. लोकसंगीत, पगडी बांधण्याची आणि मिशांची स्पर्धा, उंटांच्या शर्यती यासाठी तो ओळखला जातो. तारीख तिथीप्रमाणे बदलते आणि कधी जानेवारीच्या अखेरीसही येते, म्हणून कॅलेंडर पाहूनच तिकीट काढा.

महोत्सवाची सांगता पौर्णिमेला होते. चांदण्यात वाळू सुंदर दिसते, पण तारे फारसे दिसत नाहीत. आकाशगंगा पाहायची असेल, तर अमावस्येच्या आसपासची रात्र आणि समपेक्षा शांत असलेलं खुरी गाव निवडा.

पक्षीप्रेमींसाठीही हिवाळा चांगला. मध्य आशियाकडून येणारे कुरजां म्हणजेच क्रौंच पक्षी फलोदीजवळच्या खिचन गावात साधारण सप्टेंबर ते मार्च मुक्काम करतात. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे मराठी माणसाला माहीत असलेला माळढोक आता प्रामुख्याने जैसलमेर परिसरातच उरला आहे.

किल्ल्यात राहावं का?

११५६ मध्ये रावल जैसल यांनी वसवलेला हा किल्ला २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि आजही तिथे लोकवस्ती आहे. पण पाण्याचा वापर वाढल्याने टेकडीत पाणी मुरतं आणि पाया कमकुवत होतो, असा इशारा तज्ज्ञ अनेक वर्षं देत आहेत. म्हणून बरेच पर्यटक खाली शहरात राहतात आणि किल्ला पाहायला वर जातात. कोणत्याही ऋतूत हे शहाणपणाचं.

थोडक्यात

• हवा, गर्दी आणि खर्च यांचा मेळ हवा असेल: फेब्रुवारी किंवा नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा
• शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल: नोव्हेंबरमध्ये येणारी दिवाळी
• थंडी आवडत असेल: जानेवारी, पण पहिला आठवडा सोडून
• कमी खर्चात आणि थोडं ऊन चालणार असेल: मार्चचा पहिला पंधरवडा
• मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील: एप्रिल ते जून टाळा

मे महिन्यात खोलीचे जे पैसे वाचतात, त्या बदल्यात दिवसाचे सात-आठ तास खोलीतच काढावे लागतात. बुकिंग करताना हाही हिशेब मांडा.