महायुद्ध आणि आपले माजघर



तळेगाव हे सरसेनापती दाभाड्यांचे गाव. लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गड, खिंडी आणि घोडदळ उभे राहते. त्या लढायांतही रयतेचे हाल होत. फौज शेतातून गेली की पीक जाई. पण फौज पुढे सरकली की तिच्याबरोबर लढाईही पुढे जाई. विसाव्या शतकातील सर्वंकष युद्धाची तऱ्हा निराळी. शत्रूची फौज मावळात आली नाही, तरी युद्ध माजघरात येऊन बसले.

याची चुणूक पहिल्या महायुद्धातच मिळाली होती. जर्मनी-ऑस्ट्रियाचा काचमाल बंद झाला आणि लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून १९०८ साली येथे निघालेल्या पैसा फंडाच्या कारखान्यासारख्या स्वदेशी धंद्यांना थोडी उसंत मिळाली. दुसऱ्या युद्धाचा घाव मात्र अन्नावर बसला.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून दरसाल येणारा दहा लाख टनांहून अधिक तांदूळ थांबला. युद्धखर्चासाठी नोटा वाढत होत्या, आगगाड्या लष्कराच्या कामी गुंतल्या होत्या. घाऊक भाव दुपटीपलीकडे गेले. तांबे वाचविण्यासाठी १९४३ साली पैशाला मधोमध भोक पडले. घड्याळही सुटले नाही; १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत ते तासभर पुढे ठेवले गेले.

२ मे १९४३ रोजी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी ग्रेगरी समितीने लाखावर वस्तीच्या शहरांत ते लागू करावे व प्रौढ माणसास रोज निदान एक रत्तल धान्य मिळावे, अशी शिफारस केली. कोणी किती खावे हे सरकारने ठरवावे, हा अपमान अनेकांना झोंबला. रांगा होत्या, धान्यात खडे होते, काळा बाजारही होता. पण दुसरी बाजू पाहा. कलकत्त्यात पूर्ण रेशनिंग आले ते १९४४ च्या आरंभी. तोवर बंगालच्या खेड्यांत लाखो माणसे अन्नावाचून मेली होती.

आणि या शहरी पोळीभाताचा भार कोणावर पडला? मुंबई प्रांतात लेव्ही आली. शेतकऱ्याने सरकारी भावाने धान्य घालावयाचे आणि कापड व घासलेट मात्र मिळेल त्या भावाने, मिळालेच तर, घ्यावयाचे. शिपायाइतकाच तोही या युद्धात राबला. त्याला पदक कोणी दिले नाही.

युद्ध १९४५ साली संपले, पण कार्ड घरातच राहिले. महात्माजींच्या आग्रहाने १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रणे उठू लागली, भाव भडकले, १९४८ साली ती परत आली. १९५४ च्या सुमारास रफी अहमद किडवाईंच्या कारकिर्दीत ती सैल झाली. तरी रेशनचे दुकान गेले नाही. २०१३ साली तर धान्याचा हक्क कायद्याने दिला गेला.

परकी सत्तेने हे कार्ड आपले युद्ध चालावे म्हणून दिले होते, आपल्या कळवळ्याने नव्हे. पण भुकेची जबाबदारी सरकारवर असते, ही गोष्ट त्या रांगेत उभे राहून लोक शिकले. आणि एकदा शिकलेली ती गोष्ट पुढच्या कोणत्याही सरकारला त्यांनी विसरू दिली नाही. रांगेत जे सोसले त्याची कमाई ही एवढी. ती लहान नाही.