न्हाण, बाळंतपण आणि शारीरविद्या

मुंबईहून पुण्यास येणारी आगगाडी कर्जत सोडून बोरघाट चढू लागली, म्हणजे नागफणीच्या सुळक्याकडे बोट दाखवून खंडाळ्याच्या हवेचे गुण वर्णन करणारा एखादा तरी गृहस्थ डब्यात निघतोच. परंतु ज्या लोहमार्गावर बसून हे कौतुक चालते, त्याचा मक्ता एके काळी एका विधवेच्या हाती होता, ही गोष्ट त्याच्या गावी नसते. सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज मक्तेदार 1859 साली घाटाचे काम पत्करून आला आणि काही आठवड्यांतच वारला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने स्वदेशी परतण्याचा सोपा मार्ग न धरता मक्ता आपल्या नावे चालविला, कामावर जाणते अभियंते नेमले, आणि 40,000 हून अधिक मजुरांचा तो प्रचंड तांडा राबत राहून 21 एप्रिल 1863 रोजी घाट गाडीस खुला झाला. तत्पूर्वी पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रूळ आले होते खरे, पण पुढचा उतार पालखीने अथवा तट्टावरून पार करावा लागे. तो अडथळा दूर झाल्यावर या वाटेने मीठ, कापूस, टपाल आणि हवापालटास निघालेले श्रीमान यांची ये-जा सुरू झाली, आणि त्यांच्याच मागोमाग, अगदी धीम्या पावलांनी, एक नवी विद्याही घाट चढू लागली. स्त्रीच्या देहाचे शास्त्र स्त्रीनेच, आणि तेही ऐन कोवळ्या वयात, शिकावे ही कल्पना त्या विद्येच्या मुळाशी होती.

त्याआधी या प्रांती ते ज्ञान नव्हतेच, असे मात्र कोणी समजू नये. मावळातील प्रत्येक वस्तीस आपली सुईण होती. गर्भ आडवा आहे की सरळ, हे ती पोटावरून तेलाचा हात फिरवून ओळखी, आणि तिची विद्या सासूकडून सुनेकडे तोंडीच जात असे. नाळ कापण्यापासून पाचवीच्या पूजेपर्यंत, आणि बाजेखालच्या शेगडीपासून ओव्याच्या धुरीपर्यंत बाळंतघराचा सारा कारभार तिच्या देखरेखीखाली चाले. त्यातील काही भाग अनुभवाने पारखलेला आणि काही निव्वळ घातक होता. हवा कोंडलेल्या अंधाऱ्या खोलीत निखाऱ्यांच्या धुरात पडून राहणे हे ओल्या बाळंतिणीस हितकर होते, असे आज कोणी म्हणणार नाही. पण माझ्या मते खरी उणीव निराळीच होती. जिच्या देहावर हे सर्व घडत असे, तिला त्यातले काहीएक सांगण्याची चाल नव्हती.

न्हाण आल्याचा सोहळा पाहावा. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीस प्रथम ऋतू प्राप्त झाला, की सुखवस्तू घरांत मखर सजे, आप्तेष्टांच्या घरून पक्वान्नांची ताटे येत, वाजंत्री लागे, सुवासिनी गाणी म्हणत आणि चौथ्या दिवशी मंगलस्नान होऊन तिची ओटी भरली जाई. पुढे शुभमुहूर्त काढून गर्भाधानाचा संस्कार होई. सोहळ्याच्या मध्यभागी हिरव्या लुगड्यात मान खाली घालून बसलेली ती अकरा-बारा वर्षांची पोर मात्र आपणास झाले काय, रक्त कोठून आले आणि ते थांबेल की नाही, याविषयी संपूर्ण अंधारात असे. गावभर झालेली ही वार्ता केवळ तिलाच उलगडून सांगितलेली नसे. पुढे दर महिन्यास चार दिवस कावळा शिवल्याच्या सबबीवर कोपऱ्यात बसताना तिने त्या अज्ञानाचीच उजळणी करावयाची.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की ज्या शास्त्राच्या नावाने हे चाले, त्यातील वैद्यकाचे ग्रंथ उलट साक्ष देत होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ऋतुप्राप्तीचे वय बारा सांगितले असले, तरी सोळा वर्षांच्या आतील स्त्रीच्या ठायी पंचविशीच्या आतील पुरुषाने गर्भ ठेवल्यास तो कुशीतच नष्ट होतो, आणि जन्मास आलाच तर अल्पायुषी अथवा दुर्बल निपजतो, असा स्पष्ट इशारा दिलेला आहे. वैद्य तो पाठ म्हणत आणि स्वतःच्या मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी उरकून मोकळे होत.

कल्याणच्या गणपतराव जोशांच्या यमुनेवर हा इशारा अक्षरशः ओढवला. 1865 सालचा तिचा जन्म. नवव्या वर्षी पोस्टखात्यातील कारकून गोपाळराव जोशी या वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी तिचा विवाह झाला आणि यमुनेची ती ‘आनंदी’ झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. आनंदीबाईंची कथा सांगणारे पुढच्या समुद्रप्रवासाचे, नऊवारी लुगड्याचे आणि गोपाळरावांच्या विक्षिप्तपणाचे वर्णन रंगून जाऊन करतात. त्या शिकल्या काय, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाहीत. वास्तविक प्रसूतिशास्त्राशी त्यांचा परिचय पुस्तक उघडण्यापूर्वीच झाला होता, आणि तो रुग्णाच्या बाजूने झाला होता.

24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी वैद्यक शिकण्यासाठी आपण अमेरिकेस जाण्याचे समर्थन करणारे भाषण केले, तेव्हा त्यांना अठरावेही पुरे झालेले नव्हते. हिंदुस्थानात स्त्रीवैद्यांची नितांत गरज आहे, आणि परपुरुषास देह दाखविण्याच्या संकोचाने स्त्रिया दुखणे अंगावर काढतात, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या निघाल्या; न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतले, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात, जेथे डीन रेचेल बॉडली स्वतः रसायनशास्त्र शिकवीत, त्यांचा प्रवेश झाला. शवविच्छेदनाच्या मेजाशी चित्पावन घरातील अठरा वर्षांची मुलगी उभी आहे, हे चित्र पुण्याच्या सनातन्यांस कल्पनेतही सोसवले नसते. 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. पदवीच्या प्रबंधासाठी आनंदीबाईंनी विषय घेतला आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्येचा, आणि अमेरिकन पाठ्यग्रंथांच्या जोडीस आपल्याकडील जुन्या वैद्यकाचा आधार घेतला. वीस वर्षांच्या या मुलीने सुईणीचे आणि सुश्रुताचे जग परक्या परीक्षकांपुढे मांडताना त्याविषयी लाज बाळगली नाही, हे मला त्यांच्या पदवीहून मोठे वाटते.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक मुक्रर झालेली होती. पण 1886 च्या अखेरीस त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. उपचारासाठी मुंबईकडून पुण्यास न्यावयाचे तर लोहमार्ग हाच, खंडाळ्यावरून जाणारा. ज्या हवेसाठी क्षयी मुंबईकर या घाटमाथ्यावर येऊन राहत, तिच्यातून गाडी त्यांना पुढे घेऊन गेली, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या त्याच रुग्णालयात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केले.

त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढली. वनस्पतिशास्त्र आणि वैद्यक दोन्हींत निष्णात असलेल्या त्या गृहस्थाचे छत्र लाभल्याने तिचे वाचन थांबले नाही. नांदावयास येण्यासाठी नवऱ्याने 1884 साली दावा लावला, आणि 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जा अथवा सहा महिने कैद भोगा, असा हुकूम फर्माविला, तेव्हा तिने कैद पत्करण्याची तयारी दर्शविली. तडजोड झाल्यावर 1889 साली ती लंडनला वैद्यक शिकण्यास गेली आणि परतून सुरत व राजकोट येथे तिने दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली. त्यावरून पुण्यात टिळक एका बाजूस आणि भांडारकर, रानडे दुसऱ्या बाजूस अशी जी रणधुमाळी माजली, तीत श्रुतिस्मृतींचा कीस काढण्यात आला, पण बारा वर्षांच्या मुलीचा जबाब कोणी घेतल्याचे दिसत नाही.

विसाव्या शतकात ही विद्या संस्थांच्या आश्रयाने स्थिरावली. 1909 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी ससून रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण सुरू करविले, आणि केशवपन झालेल्या, टाकलेल्या, निराधार अशा कित्येक तरुण स्त्रियांच्या हाती प्रसूतीचे शास्त्र आले. धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठात गृहशास्त्राच्या जोडीने आरोग्यशास्त्राचा अंतर्भाव झाला. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव याच विषयात वडिलांच्या कितीतरी पुढे गेले. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र, 1927 पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, आणि त्यापायी प्राध्यापकी गमावून अश्लीलतेचे खटले, असा त्यांचा हिशोब आहे. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. खंडाळ्याच्या शेजारी लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगाची परीक्षा यंत्रांनी चालविली होती, तिचे कौतुक याच महाराष्ट्राने केले; श्वासाचे शरीरशास्त्र त्यास मानवले, गर्भाशयाचे मानवले नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. गडचिरोलीच्या दोन गावांतील 650 स्त्रिया तपासून डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात 92 टक्के स्त्रियांस एक ना एक स्त्रीरोग आढळला, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के निघाल्या. 2007 साली शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विधिमंडळातील गदारोळानंतर राज्य सरकारने स्थगित केला. सध्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ऋतुचक्राची आकृती, संप्रेरकांची नावे आणि कृत्रिम गर्भधारणेची माहिती रीतसर छापलेली आहे; धडा उत्तम आहे, गुणही त्यास आहेत, आणि तो घरीच वाचून या असे सांगून पुढच्या धड्याकडे वळणारे मास्तर मावळात काय, पुण्यातही अद्याप भेटतात.