जहाज कोणी ठरवायचे : आयात कापडाच्या व्यवहारातील अटींचा इतिहास

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्ये वसलेल्या विश्रामबागेत १९४७ साली धोंडुमामा साठे यांच्या पुढाकाराने न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले आणि १९५५ पासून ते वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांची ओळख बांधकाम, साखर, विमान आणि मोटार या उद्योगांमुळे सर्वदूर झाली असली, तरी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रदीर्घ झगडा जहाजधंद्यातला होता आणि त्या झगड्याच्या मुळाशी असलेला प्रश्न वरवर पाहता अगदी किरकोळ वाटण्याजोगा होता : परदेशातून येणारा माल कोणत्या जहाजात चढवायचा हे विकणाऱ्याने ठरवायचे की घेणाऱ्याने? ढाक्याच्या किंवा ग्वांगझूच्या कारखान्यातून तयार कपडे मागवणारा आजचा व्यापारी करारात ‘एफओबी’ किंवा ‘सीआयएफ’ अशी तीन अक्षरे लिहितो, तेव्हा तोही याच प्रश्नाचे उत्तर देत असतो. मात्र बहुतेक वेळा ते केवळ भावाचे गणित आहे असे त्याला वाटते.

एफओबी, म्हणजे ‘फ्री ऑन बोर्ड’, या अटीनुसार विकणाऱ्याने ठरलेल्या बंदरात माल जहाजावर चढवून द्यायचा. त्यापुढचे जहाजभाडे, विमा आणि वाटेतली जोखीम घेणाऱ्याची, आणि म्हणून जहाजही त्यानेच ठरवायचे. सीआयएफ, म्हणजे ‘कॉस्ट, इन्शुरन्स अँड फ्रेट’, या अटीत मालाची किंमत, विमा आणि भाडे हे तिन्ही विकणाऱ्याच्या एकाच भावात येतात आणि जहाज तोच निवडतो. गंमत अशी की सीआयएफमध्ये भाडे विकणारा भरत असला, तरी जोखीम मात्र माल पहिल्या बंदरात जहाजावर चढताच घेणाऱ्याकडे जाते. खर्चाची हद्द एका बंदरात आणि जोखमीची हद्द दुसऱ्या बंदरात, हा या अटीचा विशेष नवख्या आयातदाराच्या सहसा लक्षात येत नाही. यांपैकी एफओबी ही अट जुनी असून इंग्लंडच्या न्यायालयांत ती १८१२ सालापासून दिसते, तर सीआयएफ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळली आणि मॉरिशसच्या साखरेवरून उद्भवलेल्या १८७२ च्या एका खटल्यात तिचे स्वरूप बरेचसे निश्चित झाले.

जोखीम आणि पैसा यांची अशी वाटणी करण्याची रीत मुंबईच्या व्यापाऱ्यांना इंग्रजांनी शिकवली, असे मानण्याचे कारण नाही. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार चालत असे. माल पाठवणारा मालाच्या किमतीपोटी, माल ज्याच्याकडे जायचा त्याच्यावर हुंडी काढी आणि ती सराफाला विकून पैसे लगेच मोकळे करी. परंतु जहाज सुखरूप पोहोचले तरच ती हुंडी वटवण्याची जबाबदारी येई, आणि जहाज बुडाले तर सराफाचे पैसे बुडत. एकाच कागदात उधारी आणि सागरी विमा अशी दोन्ही कामे उरकणाऱ्या या हुंडीचे वाद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही मुंबई उच्च न्यायालयापुढे येत होते. माल हाती पडेपर्यंत घेणाऱ्यावर जोखीम नाही, हे तिचे तत्त्व विलायती अटींपेक्षा घेणाऱ्याला अधिक सोयीचे होते.

मँचेस्टरचे कापड मात्र अशा हुंडीवर आले नाही. आरंभी विलायती घराणी माल आपल्या जोखमीवर मुंबईला पाठवून येथील आडत्यांमार्फत विकत. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० साली समुद्राखालील तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली, तेव्हा ही पद्धत मागे पडून ‘इंडेंट’ची, म्हणजे आगाऊ मागणीपत्राची पद्धत रुळली. मूळजी जेठा मार्केटसारख्या बाजारातला व्यापारी कोऱ्या, धुवट किंवा रंगीत कापडाची मागणी आयात करणाऱ्या कोठीकडे नोंदवी, कोठी ती तारेने मँचेस्टरला कळवी, आणि भाडे व विमा धरून पौंड-शिलिंगांत ठरलेला भाव व्यापाऱ्यावर बंधनकारक होई. गासड्या मुंबईच्या गोदीत उतरत आणि तेथून पुण्यामार्गे मिरजेकडे, तसेच सातारा-सांगलीच्या पेठांकडे जात. गावच्या दुकानदाराला जहाजाचे नावही कळण्याचे कारण नव्हते. सारी निवड मँचेस्टरमध्येच होऊन गेलेली असे.

या पद्धतीत भाडे आणि विमा यांची सोय होती, पण हुंडणावळीची, म्हणजे रुपया आणि पौंड यांच्या बदलत्या दराची, कोणतीही सोय नव्हती, आणि ही उणीव १९२० साली उघडी पडली. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागल्यामुळे रुपयाचा दर चढला, सरकारने तो दोन शिलिंगांवर बांधण्याचे ठरवले आणि त्या भरवशावर देशभरच्या कापड व्यापाऱ्यांनी विलायतेत भरमसाट मागण्या नोंदवल्या. माल पोहोचेपर्यंत रुपया घसरला होता आणि प्रत्येक गासडीची रुपयांतली किंमत सौद्याच्या वेळच्या हिशेबापेक्षा कितीतरी वाढली होती. अनेक शहरांतील व्यापारी संघटनांनी दोन शिलिंगांपेक्षा कमी दराने माल उचलायचा नाही असे ठरवले आणि गोदामांत विलायती कापड पडून राहिले. पुढे असहकाराच्या चळवळीत विदेशी कापडावर जो बहिष्कार पडला, त्यामागची देशभक्ती खरीच होती. पण काही व्यापाऱ्यांना तो बहिष्कार आर्थिकदृष्ट्याही सोयीचा होता, हे इतिहासकाराला नोंदवावेच लागते.

जहाज ठरवण्याचा अधिकार विलायती विक्रेत्याकडे असण्याचे परिणाम कापडाच्या भावापुरते मर्यादित नव्हते. कलकत्त्याच्या व्यापारात १८७५ पासून जहाज कंपन्यांनी आपापसांत ‘कॉन्फरन्स’, म्हणजे भाडी ठरवून घेणारे संघ, उभारण्यास सुरुवात केली होती. त्यांचे मुख्य हत्यार म्हणजे लांबणीवर टाकलेली सूट : जो व्यापारी आपला सगळा माल संघाच्याच जहाजांतून पाठवील, त्याला भरलेल्या भाड्यातला काही भाग काही महिन्यांनी परत मिळे, पण मधल्या काळात एकदा जरी त्याने बाहेरचे जहाज वापरले, तरी साठलेली सारी सूट बुडे. मँचेस्टरचा निर्यातदार अशा सुटीने बांधलेला असताना आणि भारतीय ग्राहक सर्वसमावेशक भावाने माल घेत असताना, नव्या भारतीय जहाज कंपनीला परतीचा माल द्यावा असे कोणालाही वाटण्याचे कारण उरत नव्हते.

अशा परिस्थितीत वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. आज हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले हे जहाज नव्हे, तर त्यात भरायला माल मिळवणे हीच खरी अडचण होती. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सुरू केलेल्या युद्धानंतर १९२३ साली त्या कंपन्यांचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार झाला आणि सिंदियाला परदेशी मार्ग सोडून मुख्यतः किनारी व्यापारावर समाधान मानावे लागले. वालचंदांचे चरित्र सहसा जिद्दीची कथा म्हणून सांगितले जाते. परंतु ज्या व्यापारात जहाज ठरवण्याचा हक्क दुसऱ्याच्या हाती आहे, त्यात जिद्द कितपत पुरते, याचाही हा करार दाखला आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले, आणि अटींच्या इतिहासातील एक गाजलेला खटला याच पालटाचे अपत्य ठरला. भारत सरकारने इंग्लंडमधील पायरीन कंपनीकडून आगीचे बंब एफओबी लंडन या अटीवर घेतले आणि ते आणण्यासाठी सिंदियाचे ‘जलाजाद’ हे जहाज ठरवले. एक बंब जहाजावर चढवला जात असताना, जहाजाचा कठडा ओलांडण्यापूर्वीच, खाली पडला. नुकसान ९६६ पौंडांचे होते, तर वाहतुकीच्या नियमांनुसार जहाज कंपनीची जबाबदारी २०० पौंडांपुरती मर्यादित होती. माल अजून विकणाऱ्याच्याच जोखमीवर असल्याने, जहाजाशी आपला करारच नव्हता तेव्हा ही मर्यादा आपल्याला लागू नाही, असा पायरीनचा दावा होता. न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी १९५४ साली तो फेटाळला आणि त्याच निकालात, माल कठड्यावरून झुलत असता जबाबदाऱ्या नेमक्या कोणत्या क्षणी बदलतात हे पाहत बसण्याची हौस फक्त अतिउत्साही वकिलालाच असेल, अशा आशयाचा टोलाही लगावला. तरीही आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘इन्कोटर्म्स’ या प्रमाण अटींतून कठड्याची हद्द २०१० च्या आवृत्तीतच काढली गेली आणि तिच्या जागी ‘जहाजावर ठेवलेला माल’ ही कसोटी आली.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात भारत सरकारने सरकारी मालासाठी ‘आयात एफओबीवर, निर्यात सीआयएफवर’ असे धोरण अवलंबले होते. दोन्ही दिशांना जहाज भारतीय बाजूने ठरवावे, म्हणजे भारतीय जहाजांना माल मिळेल आणि भाड्यापोटी जाणारे परकीय चलन वाचेल, हा त्यामागचा विचार होता. वालचंदांना जे बाजारात मिळाले नव्हते ते राज्यसंस्थेने करारातील एका कलमाने मिळवून दिले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. तयार कपड्यांचा प्रश्न मात्र तेव्हा उद्भवतच नव्हता, कारण उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध होते. ते एप्रिल २००१ मध्ये उठले आणि त्यानंतरच इचलकरंजी, विटा अशा मागांच्या गावांना परदेशी कपड्याची स्पर्धा पुन्हा प्रत्यक्ष जाणवू लागली. २०११ च्या अखेरीस बांगलादेशच्या कपड्यांना शुल्कमुक्त प्रवेश मिळाला. २०१८ साली इतर देशांच्या अनेक वस्त्रप्रकारांवरील शुल्क दुप्पट करून २० टक्के केले गेले. मे २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरील ठाण्यांतून आणण्यास मनाई करून केवळ कोलकाता आणि न्हावा शेवा ही दोन बंदरे मोकळी ठेवली, तेव्हा एरवी ट्रकने पेट्रापोलच्या ठाण्यावर येणारा माल जहाजावर चढला आणि समुद्रमार्गाच्या अटी या व्यापारात एकाएकी महत्त्वाच्या झाल्या.

न्हावा शेवापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर आत असलेल्या सांगलीच्या घाऊक व्यापाऱ्याला सीआयएफचा भाव आकर्षक वाटतो, कारण कागदावर सगळे खर्च धरलेले दिसतात. प्रत्यक्षात विकणाऱ्याने निवडलेला वाहतूकदार निघताना भाडे कमी दाखवून उतरण्याच्या बंदरात हाताळणीचे आणि मालाच्या सुटकापत्राचे शुल्क वाढवून घेऊ शकतो, आणि माल अडकू नये म्हणून घेणारा ते निमूटपणे भरतो. विम्याचेही तसेच आहे : सीआयएफमध्ये विकणाऱ्यावर केवळ किमान संरक्षणाचे, म्हणजे मालविम्याच्या ‘सी’ कलमांचे, बंधन असते आणि त्यात चोरी किंवा कंटेनरमध्ये शिरलेले समुद्राचे पाणी धरलेले नसते, कपड्यांना तर भीती याच दोन गोष्टींची. जकातीच्या बाजूने मात्र अटीने फारसा फरक पडत नाही. २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार शुल्क भाडे आणि विमा मिळवूनच आकारले जाते आणि ते खर्च कळत नसतील, तर एफओबी किमतीच्या २० टक्के भाडे व १.१२५ टक्के विमा धरला जातो. २०१७ पासून काही वर्षे सीआयएफने माल घेणाऱ्याकडून त्याने न भरलेल्या जहाजभाड्यावरही वेगळा जीएसटी मागितला जात होता. मोहित मिनरल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी ती आकारणी अवैध ठरवली.

एफओबी निवडणाऱ्यालाही एक जुनी अडचण सतावते, कारण ही अट गासड्या यारीने उचलण्याच्या काळातली आहे आणि आजचा माल कंटेनरमध्ये येतो. चट्टग्रामहून जाणारे कपडे बंदराबाहेरच्या खासगी डेपोंमध्ये कंटेनरमध्ये भरले जातात आणि जहाजावर चढण्यापूर्वी कित्येक दिवस तेथे पडून असतात. म्हणून वाणिज्य मंडळ कंटेनरसाठी ‘एफसीए’ ही अट सुचवते, ज्यात माल वाहतूकदाराच्या ताब्यात देताच जोखीम घेणाऱ्याकडे जाते. परंतु पतपत्रावर पैसे देणाऱ्या बँका ‘जहाजावर चढला’ असा शेरा असलेले बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, मागत असल्याने कारखानदार एफओबी सोडत नाहीत, आणि ही कोंडी फोडण्यासाठी इन्कोटर्म्सच्या २०२० च्या आवृत्तीत असा शेरा मिळवण्याची खास तरतूद करावी लागली. एफओबी आणि एफसीए यांतल्या फरकाची किंमत चट्टग्रामजवळच्या सीताकुंड येथे ४ जून २०२२ च्या रात्री दिसून आली. तेथील कंटेनर डेपोला आग लागून स्फोट झाला, चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि निर्यातीसाठी भरून ठेवलेले तयार कपड्यांचे कंटेनर जळाले. ज्या सौद्यांत एफओबी लिहिलेले होते, त्यांतला माल तोपर्यंत जहाजावर चढलेला नसल्याने तो अजून कारखानदाराच्याच जोखमीवर होता. ज्यांत एफसीए असून माल वाहतूकदाराच्या हवाली झाला होता, त्यांत तो घेणाऱ्याचा होता आणि त्या मालाचा विमा डेपोपासून सुरू होतो की जहाजापासून, एवढ्यावरच त्याची भरपाई अवलंबून होती.