भट्टी, विटांची (लाकडी जाळाची)
अग्निसह विटांची ही घुमटाकार रचना लाकडाच्या जाळाने तापून साठविलेली उष्णता प्रारणाने परत देते. म्हणूनच सुमारे ४५०° से. तापमानात नेपल्सचा पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. उष्णता आत राहावी आणि धूर मात्र निर्वेध बाहेर पडावा, यासाठी दाराची उंची घुमटाच्या अंतर्गत उंचीच्या सुमारे ६३ टक्के ठेवण्याची वहिवाट आहे. बांधकामातील ओलावा एकदम वाफाळून भेगा पडू नयेत म्हणून आरंभीचे काही दिवस मंद जाळच करणे इष्ट. दुबईतील करामा या दाट वस्तीत, जेथे अनेक भारतीय कुटुंबे बहुमजली इमारतींच्या सदनिकांत राहतात, खासगी अंगणाअभावी अशी भट्टी घरी उभारणे दुष्कर ठरते. त्यामुळे साठविलेल्या उष्णतेवर भाजण्याची ही प्राचीन विद्या तेथे मुख्यत्वे तंदूरवाल्यांच्या दुकानांत पाहावयास मिळते.